दहा कोटींना अकरा कमी

दहा कोटींतून अकरा वजा केले की जे उरतं, त्या एका आकड्यानं एटेल्का सेपेशीचे पाच वर्षांचे रविवार खाल्ले. नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणनव्वद. हा आकडा मूळ आहे, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडले तर जगातल्या कुठल्याही आकड्यानं त्याला पुरता भाग जात नाही, असं तिच्या नवऱ्याचं, लोरांदचं, म्हणणं. एवढंच नाही, तर दहा कोटींच्या आतला तो सगळ्यांत मोठा मूळ आकडा. एटेल्काचं म्हणणं असं, की असेल बाबा. पण तो मूळ नाही निघाला तर आपली चूल पेटायची थांबणार आहे का?

लोरांद सेपेशी म्हणजे कलोचा गावातला निवृत्त कारकून. डॅन्यूब नदीच्या पाण्याची पातळी मोजणारी कचेरी होती, तिथे चाळीस वर्षं त्यानं आकडेमोड केली. उंच, जरा वाकलेला, कोटाच्या वरच्या खिशात तीन पेन्सिली. बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते इतकं सावकाश, की ऐकणाऱ्यानं आधी खुर्ची शोधावी. रस्त्यात कुणी सहज “काय, बरंय ना?” म्हटलं तर तो थांबून विचार करायचा आणि मग खरं उत्तर द्यायचा. बाजारात पाप्रिकाच्या मिरच्यांची माळ घेतली तर घरी येईपर्यंत मिरच्या मोजून झालेल्या असायच्या. शेजारची तेरका म्हणायची, “एटेल, तुझा नवरा स्वर्गात गेला ना, तर आधी पायऱ्या मोजेल, मग दार वाजवेल.”

“वाजवायचा नाही,” एटेल्का म्हणायची. “पायऱ्या पुन्हा मोजायला खाली उतरेल.”

हे आकड्याचं खूळ सुरू झालं १९५७च्या मार्चमध्ये. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी इल्दिको सीमा ओलांडून निघून गेली होती. उठाव चिरडला गेला होता, त्या वर्षी पुष्कळांची मुलं गेली. ती कॅनडात पोचली, सुखरूप होती, पत्रं येत होती. पण ती बुडापेस्टला मिठाईच्या दुकानात होती तेव्हा सोमवारी तिला सुट्टी असायची, म्हणून ती रविवारी पाचच्या गाडीनं घरी यायची. त्या हिवाळ्यात एटेल्का दर रविवारी जेवणं उरकली की कोट चढवायची आणि स्टेशनवर जाऊन बसायची. मुलगी येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती काही भ्रमिष्ट नव्हती. नुसती बसायची. गाडी आली, गेली, की लोरांद यायचा आणि तिला घरी न्यायचा. 

आणि अशा दिवसांत या माणसानं काय करावं? एका रविवारी माशांच्या लाल कढणाची ताटली बाजूला सारून दोन कोऱ्या वह्या टेबलावर ठेवल्या. एक निळी, एक तपकिरी.

“एटेल, तुला भागाकार चांगला येतो.”

“मला धुणंही चांगलं येतं. पुढे बोल.”

त्यानं आकडा सांगितला. मग सांगितलं, की याचं वर्गमूळ दहा हजारांच्या केसभर आत आहे. तेव्हा दहा हजारांच्या आतल्या मूळ आकड्यांनीच भागून बघायचं, पलीकडे जायचं काम नाही.

“का नाही?”

“कारण दोन आकड्यांचा गुणाकार असेल, तर दोघंही दहा हजारांच्या वर असू शकत नाहीत. एक तरी आत सापडणारच. दारं आतल्या बाजूचीच तपासायची.”

“आणि दारं किती आहेत?”

“बाराशे एकोणतीस.”

एटेल्काच्या हातातला डाव कढणात पडला. लोरांदचं तिकडे लक्षच नव्हतं. याच्यावरचे, थेट दहा कोटींपर्यंतचे सगळे आकडे आपण फोडून ठेवलेत, हे तो सांगत होता. त्यातल्या शेवटी एक्याण्णव असलेल्याचं त्याला फार कौतुक. “बघ किती देखणा फुटतो! दहा हजारांना तीन कमी, गुणिले दहा हजारांना तीन जास्त. बास!” इल्दिको पहिलं पाऊल टाकून त्याच्याकडे आली होती तेव्हाही त्याचा चेहरा एवढा खुलला नव्हता, असं एटेल्काला वाटलं आणि तिचा संताप झाला. पोटची पोर सातासमुद्रापार गेली, बायको रविवार-रविवार फलाटावर थंडीत बसते, आणि याला सुचतात भागाकार!

तरी तिनं तपकिरी वही घेतली. का घेतली, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एक खरं, की भागाकार तिचा होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा त्या नदीच्या कचेरीत मुली घेतल्या, त्यांत ती होती. डोळे अधू म्हणून लोरांद मागेच राहिलेला. तिथेच दोघांची गाठ पडली.

त्या कचेरीची एक रीत होती. प्रत्येक गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांचा कागद न बघता, आणि मग समोरासमोर बसून वाचायचं. शिवाय मोठे साहेब अधूनमधून एका कागदात मुद्दाम खोटा आकडा पेरायचे. दुसऱ्यानं खरंच गणित केलं असेल तर त्याचा आकडा वेगळा यायचा आणि खोट पकडली जायची. ज्यानं आळसानं नुसतं बघून उतरवलं, त्याचा आकडाही तोच खोटा यायचा. अशा माणसाला साहेब एक शब्द बोलायचे नाहीत. त्याचे सगळे कागद स्वतः घरी न्यायचे आणि पुन्हा करून आणायचे. ती शिक्षा शिव्यांहून वाईट असायची. एटेल्कानं चार वर्षांत तीन खोटे आकडे पकडले होते, आणि तिला कुणी उतरवताना पकडलं नव्हतं. हे ती म्हातारपणीही सांगायची, जरा मान वर करून.

तर तीच रीत घरात आली. आठवडाभर ज्यानं त्यानं आपापले भागाकार करायचे, रविवारी जेवणानंतर वाचायचे. आठवड्याला पाच. फक्त पाच!

“दहा-दहा रोज केले तर चार महिन्यांत संपेल,” एटेल्का म्हणाली.

“पाचाच्या वर डोळा थकतो. थकलेला डोळा चुकतो. कचेरीचा नियम.”

“लोरांद, त्या कचेरीत मी होते! दिवसाला साठ करायचो आपण!”

“तेव्हा डोळे तरुण होते.”

यावर काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. आणि पाच तर पाच, पण तेही कसे! दोन वाजता बसायचं. तो भाजक वाचणार, एकेक अंक सुटा. मग आलेला भागाकार, मग बाकी. मग तिनं तिच्या वहीतून तेच सगळं वाचायचं. मग नवाचा ताळा: भाजकाच्या अंकांची बेरीज, भागाकाराच्या अंकांची बेरीज, त्यांचा गुणाकार, त्यात बाकीचे अंक, आणि शेवटी उत्तर आठ आलं पाहिजे, कारण त्या थोरल्या आकड्याच्या अंकांची बेरीज एकाहत्तर, आणि सात नि एक आठ. हे आठ येणार हे माहीत असूनही तो दर वेळी ते कागदावर पूर्ण मांडणार. मग पक्क्या वहीत शाईनं ओळ लिहायची, टिपकागदानं टिपायची. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कॉफी. चौथ्यानंतर पाइप. सव्वापाच वाजायचे. एटेल्काच्या नाकी नऊ यायचे. कॉफीच्या कपावर चमचा आपटत ती म्हणायची, “अरे आवर! गोगलगायीनं एवढ्यात बुडापेस्ट गाठलं असतं!” आणि तो म्हणायचा, “चार, शून्य, शून्य, तीन. झालं का तुझं?”

स्टेशनवर जाणं कधी सुटलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. वेळ होता कुठे?

अशी वर्षं गेली. भाजक हजाराच्या पुढे गेले, दोन हजारांच्या पुढे गेले, आणि बाकी कधी शून्य आली नाही. गावात बातमी पसरलेली होतीच. पाव घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, “काय सेपेशीबाई, मोडला का आकडा?” तेरका तर सरळ म्हणायची, “त्याला सांग फुटला म्हणून, आणि मोकळी हो.” एटेल्का घरी यायची ती चिडूनच.

आणि मग १९५९चा जुलै. त्या वर्षी जर्दाळू असा काही लगडला, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. जर्दाळू थांबत नाही. आज उतरवला नाही तर उद्या जमिनीवर सडतो. तीन आठवडे एटेल्का पहाटेपासून परसात मोठ्या कढईसमोर उभी. बिया काढा, ढवळा, बरण्या भरा, कापड बांधा. दंडापर्यंत चटके. शनिवार आला, तपकिरी वही कोरी, आणि उद्या दोन वाजता तो शहाणा पेन्सिली तासून बसणार. लोरांद शनिवारी सकाळी गळ घेऊन नदीवर जायचा. त्याची निळी वही कपाटाच्या खणात असायची. खणाला कुलूप नव्हतं.

तिनं उतरवलं. पाच भागाकार, पाच बाक्या, पाच मिनिटं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा, तिसऱ्या शनिवारी पुन्हा. एकूण पंधरा. रविवारी ती टेबलाशी बसून ठणठणीत आवाजात वाचायची. दुसऱ्या रविवारी एका ओळीनंतर लोरांदनं चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि मग म्हणाला, “जुळलं. पुढे.” एटेल्काला वाटलं, कढईच्या धुरानं त्याच्याही काचा धरल्या असतील. चौथ्या आठवड्यापासून ती पुन्हा इमानेइतबारे भागाकार करू लागली आणि ते तीन आठवडे तिनं मनाच्या तळाशी ढकलून दिले. तिथे ते तीन वर्षं पडून राहिले.

१९६२च्या एप्रिलमध्ये यादी संपत आली. ईस्टर होऊन गेलं होतं. शेवटच्या रविवारच्या आधी, गुरुवारी, लोरांदनं पत्राचा मसुदा तिच्यासमोर ठेवला. बुडापेस्टहून शाळेतल्या मुलांसाठी गणिताचं मासिक निघायचं, त्याच्या संपादकांना. सोबत पक्की वही जाणार होती, बाराशे एकोणतीस ओळींची. पत्रात शेवटी लिहिलं होतं: “वरील प्रत्येक भागाकार आम्ही दोघांनी, एकमेकांची वही न पाहता, स्वतंत्रपणे केला आहे.” खाली दोन सह्यांना जागा.

“रविवारी शेवटचे झाले की सही कर,” तो म्हणाला. “तुझी आधी. तुझं अक्षर चांगलं आहे.”

एटेल्का हो म्हणाली आणि धुण्याच्या खोलीत जाऊन बसली. आता काय करायचं? सही केली तर खोटं बोलल्यासारखं, तेही आयुष्यात ज्या एका गोष्टीची घमेंड मारली त्याच गोष्टीत. सांगितलं तर हा माणूस काय करेल ते तिला स्पष्ट दिसत होतं. तो काही बोलणार नाही. पंधरा ओळींबद्दल शंका म्हणजे सगळ्याच वहीबद्दल शंका, असं म्हणून दोन नव्या वह्या आणेल. पुन्हा दोन, पुन्हा तीन, पुन्हा पाच! तो अडुसष्ट वर्षांचा, ती पासष्टची. मेल्यावरही तिनं थडग्यात भागाकार करायचे का?

तिनं मधला मार्ग काढला. शुक्रवारी तो न्हाव्याकडे दाढीला गेला तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर ते पंधरा भागाकार तिनं स्वतः केले. सगळे जुळले की झालं; तीन वर्षं उशिरा का होईना, केले तर खरे! आणि जुळलेही. चौदा.

आठवा जुळेना. भाजक चार हजार एकशे सत्याहत्तर. भागाकार येत होता तेवीस हजार नऊशे चाळीस, तो बरोबर. पण बाकी येत होती २६०९, आणि तपकिरी वहीत होती २०६९. तिनं पुन्हा केला. २६०९. उलटा गुणून पाहिला. २६०९. म्हणजे लोरांद चुकला होता! अंकांची अदलाबदल झाली होती, आणि नवाच्या ताळ्याला अदलाबदल दिसत नाही. बेरीज तीच राहते, आठ ते आठच. तिनं खरंच भागाकार केला असता तर त्याच रविवारी ही चूक पकडली असती. पकडायलाच तर दुसरा माणूस असतो.

तिला त्याचा इतका राग आला, की कॅलेंडरचा एप्रिल चुरगळला गेला. चाळीस वर्षांत हा मनुष्य एकदा चुकला, आणि चुकायला त्याला नेमका जर्दाळूचा आठवडा सापडला! चुकायचंच होतं तर मार्चमध्ये चुकायचं होतं. आकड्याचं काही बिघडत नव्हतं. बाकी ही असो की ती, शून्य नव्हती. पण ती वही बुडापेस्टला जाणार. तिथला एखादा हुशार पोरगा गंमत म्हणून चार-दोन ओळी तपासणार, आणि मग मासिकात छापून येणार, की कलोचाच्या सेपेशी यांना साधी वजाबाकी येत नाही. त्याला ते सहन झालं नसतं. आता गप्प बसायचीही सोय राहिली नव्हती.

रविवारी दोन वाजता दोघं बसले. बाहेर जर्दाळूचा बहर केव्हाच गळून गेला होता आणि बारीक हिरवी फळं धरली होती. बाराशे एकोणतीसला पाचानं भागलं की बाकी चार, त्यामुळे त्या दिवशी पाच नव्हते, चारच होते. पहिले तीन झाले. मग लोरांदनं शेवटचा भाजक वाचला: नऊ, नऊ, सात, तीन. भागाकार दहा हजार सत्तावीस. बाकी सातशे अठरा. एटेल्कानं तेच वाचलं. ताळा, आठ. त्यानं शाईनं ओळ लिहिली, टिपली, आणि खुर्चीत मागे टेकला.

“मूळ आहे,” तो म्हणाला.

आणि मग, ज्या माणसानं आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या, तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. साडेचार वाजून गेले होते. “अजून कॉफी घेऊ या का?” त्यानं विचारलं. कॉफी झालेली होती. “किंवा शेवटचा पुन्हा एकदा वाचू. शेवटचा आहे म्हणून.”

“लोरांद, गप्प बस आणि ऐक,” एटेल्का म्हणाली. तिनं कॅलेंडरचे चुरगळलेले कागद टेबलावर आपटले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. जर्दाळू, खण, तीन शनिवार, पंधरा ओळी. “आणि आठवी ओळ तुझी चुकली आहे. चार हजार एकशे सत्याहत्तर. बाकी २०६९ नाही, ती...”

“२६०९,” लोरांद म्हणाला. तो पाइप भरत होता.



त्यानं पक्की वही उघडली, पान काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. पानभर शाईच्या ओळी. मध्ये एकच ओळ पेन्सिलीनं लिहिलेली. इतक्या वर्षांत तिनं ती कधी पाहिली नव्हती.

“पेरलास!” ती किंचाळली. “माझ्यासाठी खोटा आकडा पेरलास!”

“पहिल्या आठवड्यात तुझ्या वहीत एकही खाडाखोड नव्हती,” तो म्हणाला. “तू, आणि खाडाखोड नाही? म्हणून दुसऱ्या आठवड्यात पेरला. तुझ्या वाटचे पंधराही मी मग वेगळे करून ठेवले.”

“तीन वर्षं! तीन वर्षं तुला ठाऊक होतं, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस! साहेबासारखा माझे कागद घरी नेऊन... इथेच तर घर आहे, कुठे नेऊन केलेस?”

“नदीवर. मासे लागत नव्हते.”

“आणि हे पत्र? ‘स्वतंत्रपणे केला आहे’? हे खोटं लिहिताना हात नाही कापला?”

“पोस्टात टाकेपर्यंत ते खोटं नव्हतं. मला वाटलं, सहीच्या आधी तू सांगशील.”

“आणि नसतं सांगितलं तर?”

लोरांदनं नेहमीसारखा विचार केला. “तर टाकलं नसतं,” तो म्हणाला.

पाच वर्षांचं काम हा माणूस कपाटात ठेवून देणार होता, आणि कारणसुद्धा सांगणार नव्हता! एटेल्काला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. “अरे, बोलायला काय झालं होतं तुला? त्याच रविवारी म्हणायचं होतंस, एटेल, तू उतरवलंस!”

“तू उठून गेली असतीस.”

“गेलेच असते!”

“हं,” तो म्हणाला, आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

आता मात्र एटेल्कानंही पाहिलं. पाचाला दहा कमी. या वेळेला एरवी पाचवा भागाकार सुरू व्हायचा, किंवा पाइप. तिनं मनात मोजलं. दोन वाजता सुरुवात. अंक सुटे सुटे. ताळा पूर्ण मांडून. शाई, टिपकागद, कॉफी, पाइप. दहा नाहीत, चार नाहीत, पाच. दर रविवारी सव्वापाच. कचेरीत दिवसाला साठ व्हायचे.

लांबवर, मिरच्यांच्या गोदामांपलीकडून शिटी ऐकू आली. गाडी स्टेशनात शिरत होती. मग गाडी गेल्याचाही आवाज आला.

एटेल्काचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला. “पाच वर्षं, लोरांद,” ती म्हणाली. “सरळ सांगता येत नव्हतं? एटेल, स्टेशनवर जाऊ नकोस, एवढं?”

“सांगितलं होतं. तीनदा. तू कोट घालून गेलीस.”

हे खरं होतं. तिनं नाक पुसलं, चुरगळलेले कागद सरळ केले आणि खुर्ची पुढे ओढली.

“लिही. चार हजार एकशे सत्तावीसपासून. पंधराही वाचते मी. आणि ताळा तोंडी करायचा, कागदावर मांडलास तर हीच शाईची दौत तुझ्या टकलावर ओतेन.”

पंधरा झाले तेव्हा सहाही वाजले नव्हते. पेन्सिलीच्या ओळीवर त्यानं रबर फिरवलं आणि शाईनं २६०९ लिहिलं. पत्रात त्यानं एक वाक्य वाढवलं, की पंधरा भागाकार एकानं उशिरा केले. ‘एकानं’ म्हणजे कुणी, ते मात्र लिहिलं नाही. एटेल्कानं सही केली, खाली त्यानं केली.

मग तो खाकरला. ते खाकरणं ती ओळखत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“नुसतं ऐक. या आकड्याला चारानं भागलं की बाकी एक उरते. असा मूळ आकडा नेहमी दोन वर्गांची बेरीज असतो. आणि एकाच रीतीनं, एटेल. दुसरी जोडी नाहीच. ती जोडी कुठली, हे शोधता येईल. फार तर पाच हजार आकडे तपासावे लागतील. आठवड्याला पाच धरले तर एकोणीस वर्षं.”

“रोज वीस धर,” एटेल्का म्हणाली. “सकाळी, भांडी झाल्यावर. या वर्षात संपलं पाहिजे. आणि रविवारी काहीही नाही. रविवारी पाचला मी स्टेशनवर जाणार आहे, आणि तू बरोबर येणार आहेस. न्यायला नाही, बसायला. बाकावर नुसतं बसायचं, गाडी बघायची, आणि घरी यायचं.”

लोरांदनं विचार केला. बराच वेळ केला.

“डबे मोजले तर चालतील?”

एटेल्कानं कपाळाला हात लावला. “मोज,” ती म्हणाली. “पण मनातल्या मनात.”